पाणी म्हटलं तर पाणी

केजेतियाच्या बसतळावर ओदुरो ट्रोट्रोतून, म्हणजे खच्चून भरलेल्या वडापच्या गाडीतून, उतरत होता. एक पाय खाली, एक अजून पायरीवर, खांद्याची पिशवी कुणाच्या तरी कोंबड्यांच्या पाटीत अडकलेली, आणि तेवढ्यात त्याची मोठी आई अगदी जवळून म्हणाली, "अगं बाई, माझं ऐक. साखरेनं बेजार झालीस ना? मग ती सुई ठेव बाजूला. मी सांगते ना." त्याचा पाय पायरीवर राहिला तो राहिलाच. "उतरा की मालक," गाडीवाला मागून ओरडला, "का उरलेल्या पायाचं वेगळं तिकीट फाडू?" लोक हसले. ओदुरो उतरला, कोंबड्यांच्या मालकिणीची माफी मागितली आणि गर्दीत उभा राहून चारी दिशांना पाहू लागला. हरमॅटनच्या, म्हणजे वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याने आणलेली धूळ हवेत तरंगत होती, सूर्य शिळ्या भाकरीसारखा फिकट दिसत होता. मोठी आई कुठेच नव्हती. ती असणे शक्यही नव्हते. गेल्या वर्षी हरमॅटनच्याच दिवसांत तिच्या अंगावरून वारे गेले, उजवे अंग लुळे पडले आणि जीभ गेली. तेव्हापासून तिच्यापाशी एकच शब्द उरला होता, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, ऊन लागले तरी पाणी, कुणी मेल्याची बातमी आणली तरी पाणी. आणि इथे तर ती घडाघडा बोलत होती, हसत होती, मधेच लटके रागावत होती. मग त्याला रस्त्यापलीकडे उभी असलेली व्हॅन दिसली. टपावर दोन कर्णे बांधलेले, अंगावर मुळ्यांची आणि पानांची चित्रे, आणि पाठीमागच्या दारातून एक माणूस तपकिरी बाटल्या विकत होता. "एक घोट सकाळी, एक घोट रात्री," मोठी आई म्हणाली, "आणि दवाखान्याला रामराम ठोक."

त्याने तो आवाज ओळखला. आवाज तर केजेतियातल्या निम्म्या बायकांनी ओळखला असता, पण त्याने ओळखले ते त्यातले व्यंग. 'दवाखान्याला' ह्या शब्दाच्या पोटात, बरोबर मधोमध, तो आवाज श्वास घेत होता. जिवंत माणूस तिथे श्वास घेत नाही. माणूस शब्दाआधी घेतो, नाहीतर नंतर. शब्द चिरून आत श्वास भरत नाही. ही चूक जगात फक्त एकाच्या हातून झाली होती आणि तो एक जण आता रस्त्यात उभा राहून घामाघूम झाला होता. एखाद्या बापाला पोराच्या पाठीवरचा तीळ दिसावा, आणि तो चोरीच्या मुद्देमालासकट पकडलेल्या पोराच्या पाठीवर दिसावा, तसे त्याचे झाले. बाजूला एक म्हातारी बाटली घेऊन चालली होती. तिला थांबवावे असे त्याला फार वाटले. पण थांबवून सांगायचे काय? बाई, ती बोलतेय ती बाई नाही? म्हातारी निघून गेली. तो आक्राहून दोन दिवसांची रजा काढून मोठ्या आईला बघायला आला होता. तो चालत सुटला, आणि घराकडच्या बांतामा वस्तीच्या वळणापर्यंत तो आवाज त्याच्या मागे मागे येत राहिला.

माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते त्याच्या बाबतीत अक्षरशः खरे झाले होते. आई गेली तेव्हा तो दुडदुडत होता. आईची थोरली बहीण सेरवा हीच मग त्याची मोठी आई, आणि पुढे नुसती आई. ती केळी विकायची. पण तिची ओळख केळ्यांची नव्हती. मर्तिकात ती पहिला सूर लावायची तेव्हा गल्लीतले कुत्रेसुद्धा भुंकायचे थांबत. आणि बारशाला तर तिच्यावाचून कुणाचे पान हलत नसे. आठव्या दिवशी, उजाडायच्या आत, मूल पहिल्यांदा घराबाहेर आणतात, बापाने दिलेले नाव त्याच्या कानात सांगतात, आणि कुणी तरी सरळ चालीचे वडीलधारे त्याला मांडीवर घेते. एक बोट पाण्यात बुडवून जिभेवर: "पाणी म्हणशील तर पाणीच असू दे." मग बोट दारूत: "दारू म्हणशील तर दारूच असू दे." ज्याच्या मांडीवर हे होते त्याचा स्वभाव मुलाला लागतो, असे मानतात. त्यामुळे खोटे बोलणाऱ्याला हे काम कुणी सांगत नाही. सेरवाला सगळे सांगायचे. तिचे बोट किती जिभांवर टेकले असेल ह्याची तिलाच गणती नव्हती. "निम्मा बांतामा माझ्या बोटाला चावलाय," असे ती म्हणायची, आणि वर, "त्यातले चार-दोन खोटारडे निघाले, पण ते चावलेच नव्हते, नुसते चाटून गेले."

अंगणात ती आंब्याखालच्या खुर्चीत बसली होती. शेजारची कोनादू तिचे केस विंचरत होती. कोनादू ही पोकुआची मुलगी; पोकुआ म्हणजे मोठ्या आईची बालमैत्रीण, भिंतीपलीकडे राहणारी. ओदुरो वाकला, मोठ्या आईचा डावा हात त्याने दोन्ही हातांत घेतला. तिने त्याच्याकडे पाहिले आणि तिचे अर्धे तोंड हलले. "पाणी."

"आणतो, आणतो," तो घाईने म्हणाला. आत जाऊन रांजणातले गार पाणी कपात भरून आणले. तिने डाव्या हाताने कप बाजूला सारला. पाणी त्याच्या बुटावर सांडले.

"पाणी," ती पुन्हा म्हणाली.

"गार नको का? कोमट देऊ?"

"नका आणू, क्वासीदादा," कोनादू म्हणाली. तो रविवारी जन्मलेला, म्हणून गल्लीत तो क्वासी. ओदुरो आक्राच्या ऑफिसात. "आठवडा झाला, असंच चाललंय. ती गाडी इकडून जायला लागल्यापासून. आवाज आला की ह्या खुर्चीतून उठायला बघतात. पाणी पाणी करतात. दिलं तर फेकतात. परवा माझ्या अंगावर फेकलं." तिने कंगवा केसांतच ठेवला आणि आवाज खाली आणला. "आणि आमच्या आईनं सुई सोडली. कळलं का तुम्हाला? बाटली घेते. पायाचा अंगठा काळा पडलाय. हात लावू देत नाही. म्हणते, सेरवानं सांगितलंय."

"पण मोठी आई इथं बसलीय. मुकी."

"ते तिला जाऊन सांगा. माझी डाळ शिजत नाही तिच्यापुढं."

पोकुआ भिंतीपलीकडे ओट्यावर बसली होती, पाय एका स्टुलावर, त्यावर कापड टाकलेले. कापडाखालून वास येत होता आणि तो वास झाकायला तिने उदबत्ती लावली होती. "आलास? वाळलास. आक्रावाले तुला खायला घालत नाहीत का नुसत्या मीटिंगा घालतात?" ती म्हणाली. तो पाय बघू म्हणाला तेव्हा तिने कापड आणखी ओढून घेतले. "तू डॉक्टर कधीपासून?" मग त्याने तिला सांगायला सुरुवात केली. की तो आवाज मोठ्या आईचा असला तरी ती बोलत नाही. की ते यंत्र आहे. की त्यानेच, म्हणजे त्याने आणि त्याच्या तेव्हाच्या जोडीदाराने, बाफोरने, मिळून ते केले होते, दवाखान्याच्या फोनसाठी, रोग्यांना औषधाची आठवण करून द्यायला. पोकुआ शांतपणे ऐकत होती, पोराची थाप ऐकावी तशी.

"फोनवर ती मला काय सांगायची?" तिने विचारले.

"सुई घे. पाय धुऊन बघ."

"मी घेत होते का नव्हते?"

"घेत होतीस."

"तेव्हा तू येऊन म्हणालास का, की पोकुआ, ती सेरवा नाही, यंत्र आहे?"

तो तसे म्हणाला नव्हता. तेव्हा सगळ्यांनाच सोयीचे होते ते. मशीन आहे असे कळले तर बायका ऐकणार नाहीत, म्हणून सांगायचे नाही, असे फोनच्या कामातल्या साऱ्यांनी एका टेबलाभोवती बसून ठरवले होते. आणि त्याला ती युक्ती फार हुशारीची वाटली होती. "पन्नास वर्षं ओळखते मी तिला," पोकुआ म्हणाली. "माझ्या पोरींच्या जिभेवर पाणी तिनं ठेवलं. ती म्हणाली सुई घे, घेतली. ती म्हणाली टाक, टाकली. तोंड बंद झालं म्हणून माणूस बोलायचं थांबतं का रे? देवाला ठाऊक होतं तिची जीभ जाणार. त्यानं आवाज आधीच काढून बाजूला ठेवला. तू निमित्त." आणि तिने तपकिरी बाटली उचलून दारूत मुरवलेल्या मुळ्यांचा एक घोट घेतला, त्याच्याकडे बघत, डोळे न हलवता. ही बाई मरणार, आणि मरताना मैत्रिणीवरच्या विश्वासाने मरणार. आणि तो विश्वास त्याने कापून, शिवून, बाजारात सोडून दिलेला होता.

शिवणे हाच शब्द होता. खोलीच्या भिंतींना गाद्या बांधून, पंखा बंद करून, त्याने मोठ्या आईला दिवसेंदिवस बोलायला लावले होते. ती घामाने निथळायची आणि विचारायची, "मेल्या, एवढं बोलणं साठवून काय करणार तू? दुष्काळात विकणार?" त्याने तिचे बोलणे चिरले. अक्षर वेगळे, श्वास वेगळा, हुंकार वेगळा, हसू वेगळे. सगळे तुकडे खुणा करून ओळीने मांडले आणि मग यंत्राला ते जोडायला शिकवले. तेव्हा त्याला शाळेतली गोष्ट आठवली नव्हती. आता, भिंतीच्या कडेने परत येताना, ती आठवली. टाची मास्तरांनी सांगितलेली एका जुन्या विलायती कादंबरीची गोष्ट: एक हुशार विद्यार्थी मुडद्यांचे तुकडे गोळा करतो, शिवतो, त्यात प्राण घालतो, आणि त्या बिचाऱ्याने डोळे उघडताच घाबरून पळून जातो. सगळा वर्ग भेदरून ऐकत होता, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "सर, तो कुठल्या वारी जन्मला?" मास्तरांनी पाने उलटली. वार दिलेला नव्हता. वर्गात एकदम गलका झाला. वार नाही? मग त्याला हाक काय मारायची? मंगळवारचा असेल तर क्वाबेना, शुक्रवारचा असेल तर कोफी. बापाने टाकले तरी वार कुणी टाकू शकत नाही, वार प्रत्येकाला असतोच. भिकाऱ्यालाही असतो. "बापानं वार बघितला नाही, पोरांनो," टाची मास्तर म्हणाले, "तो घड्याळाकडंसुद्धा न बघता पळाला. परीक्षेत विचारतील राक्षस कोण. तुमचं उत्तर तुम्ही लिहा." ओदुरोने परीक्षेत लिहिले होते की राक्षस तो शिवलेला. त्याला पुरते गुण मिळाले होते.

आणि यंत्र पहिल्यांदा बोलले त्या दिवशी, गाद्यांच्या खोलीत, वीज जाऊन आली होती, जनरेटर अजून धडधडत होता, उन्हाची एक तिरीप टेबलावर पडली होती. त्याने सहज काहीतरी टाइप केले. मोठ्या आईने कधीही रेकॉर्ड न केलेले वाक्य. "क्वासी, जेवलास का?" आणि यंत्र बोलले. हुबेहूब. तीच माया, तीच किंचित धाक दाखवणारी लय, आणि 'जेवलास'च्या मधोमध तो श्वास. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाली ती किळस. मोठी आई तर तेव्हा बाहेर बाजारात केळी विकत होती आणि इथे ती त्याला जेवायचे विचारत होती, पोट नसलेली, भूक नसलेली. त्याने लॅपटॉप मिटला आणि बाहेर जाऊन रस्त्यावरच्या बाईकडून मासा घेऊन उभ्या उभ्या खाल्ला, आणि खाताना त्याला वाटले की आपण त्या प्रश्नाचे उत्तर देतोय. तो श्वास दुरुस्त करायला तो पुन्हा कधीच बसला नाही. त्या कामाच्या फोल्डरला त्याने नावसुद्धा दिले नव्हते, नुसते 'चाचणी' लिहिले होते. पुढे मदत देणारे परदेशी गेले, फोनची सेवा बंद पडली, त्याला आक्राला नोकरी लागली. बाफोरने विचारले होते, "आवाजाचं काय करायचं?" आणि तो सामान बांधताना म्हणाला होता, "तुला वाटेल ते कर."

त्याने अंगणाच्या कोपऱ्यात उभे राहून बाफोरला फोन लावला. बाफोर खूश झाला, मग सावध झाला, मग चिडला. "हे बघ भाऊ, तू पोर माझ्या दारात टाकून गेलास. ज्यानं खाऊ घातलं तो कामाला लावणारच. मी बाटलीवाल्याला दिलं, त्यानं आणखी कुणाला. आता ते तामालेत आहे, टाकोरादीत आहे, माझ्या सासूच्या गावात आहे. कुणाकुणाच्या तोंडाला बूच लावू?"

"तो आवाज खोटं सांगतोय, बाफोर."

"तो आवाज काहीच सांगत नाही. जे लिहून देतील ते वाचतो. आपण त्याला खरं-खोटं शिकवलं होतं का? बोलायला शिकवलं होतं फक्त."

ओदुरोने फोन खिशात टाकला. कोनादू त्याच्यापाशी आली. तिने सगळे ऐकले होते. "दादा, तुमच्याकडं तो आवाज आहे ना अजून? त्या डब्यात?" तिने त्याच्या पिशवीकडे बोट केले. "मग सोपं आहे. चौकातल्या कर्ण्यावरून बोलू दे त्याला. 'पोकुआ, चुकले मी, सुई घे.' एवढंच. आई ऐकेल. आत्ता ऐकेल. खरंच तर सांगायचंय, खोटं कुठं बोलायचंय?"

चौकात माहिती केंद्र होते, म्हणजे एक पत्र्याची खोली आणि खांबावर चार कर्णे. हरवलेले मूल, सापडलेली बकरी, शनिवारची मर्तिके, सगळे तिथून कळायचे. केंद्रवाल्याने ओदुरोला खुर्ची दिली. त्याने लॅपटॉप उघडला. 'चाचणी'. बोटे आपोआप चालली: पोकुआ, मी सेरवा बोलतेय. सुई घे. इथे बोटे थांबली. एक कळ दाबायची होती आणि एका बाईचा पाय वाचणार होता, कदाचित जीवही. मी सेरवा बोलतेय. कोनादू दारात उभी राहून ओठ चावत होती. त्याला वाटले, दाब, चुलीत गेले तुझे सोवळे, तिकडे अंगठा काळा पडतोय. आणि त्याच वेळी हेही कळत होते की युक्ती तीच आहे, टेबलाभोवती ठरवलेली. की उद्या सकाळी व्हॅन येईल आणि तोच आवाज म्हणेल काल माझी जीभ घसरली, सुई टाक. मग परवा तो पुन्हा आक्राहून येणार का, आणखी एक वाक्य घेऊन? बाजारातून येणाऱ्या बायका चौकात थांबून खोलीकडे बघत होत्या. त्याने सगळे पुसले आणि माईक स्वतःच्या तोंडाशी ओढला. कोनादूने हात कपाळावर मारून घेतला.

तो वाईट बोलला. त्याला सवय नव्हती. तो म्हणाला की मी क्वासी ओदुरो, सेरवाच्या बहिणीचा मुलगा, बाटल्यांच्या गाडीवर बोलतो तो आवाज मी केला आहे. ते यंत्र आहे. सेरवा बोलत नाही. त्या बाटलीत औषध नाही. मी ते करून टाकून गेलो, चूक माझी आहे, सुई सोडू नका. खोलीबाहेर कुणीतरी हसले. "आवाज केला म्हणे! मग तुझा स्वतःचा असा रेड्यासारखा का ठेवलास?" दुसरी एक म्हणाली, "कर्जात बुडाला असेल, दवाखानेवाल्यांनी पाठवलाय." केंद्रवाल्याने दिलगिरीच्या सुरात सुचवले की मालक, तुमच्या मावशीचाच आवाज लावला असता तर लोकांनी मनावर घेतले असते. ओदुरो घामाने भिजलेला सदरा सावरत बाहेर आला. खरे बोलल्यावर हलके वाटते असे ऐकून होता. त्याला हलके वाटले नाही, नागडे वाटले.

तो अंगणात पोचला तेव्हा पोकुआ तिथे आधीच आली होती. एका हाताने भिंत धरून, काळा पाय ओढत, दुसऱ्या हातात बाटली. उदबत्तीचा वास मागेच राहिला होता आणि दुसरा वास तिच्याबरोबर आला होता. ती ओदुरोकडे वळली नाही. ती थेट खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. "सेरवा, तुझ्या पोरानं खांबावर चढून तुला खोटारडी म्हटलं. सगळ्या गल्लीनं ऐकलं. तू मला सांग. तू मला सांगितलंस का नाही, सुई टाक म्हणून?"

मोठी आई तिच्याकडे बघत राहिली. तिचे तोंड हलले, अर्धे, मग सगळे जणू हलणार असे वाटले आणि अर्धेच राहिले. "पाणी," ती म्हणाली.

ओदुरो सवयीने रांजणाकडे निघाला, आणि दोन पावलांवर थांबला. आठवडाभर ती हेच म्हणत होती. गाडी आली की पाणी, कप दिला की फेकून पाणी. तिला तहान नव्हतीच. तिच्यापाशी उरलेल्या एका शब्दात ती सगळा बारशाचा मंत्र म्हणत होती, जो तिने ह्या गल्लीतल्या निम्म्या जिभांवर ठेवला होता, आणि तिच्या मांडीवर वाढलेल्या पोराने तिला कपावर कप आणून दिले होते. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मोठ्या आईने डावा हात पुढे केला. कपासाठी नाही, बाटलीसाठी. पोकुआने गोंधळून ती दिली. मोठ्या आईने बाटली मांडीत धरली, डाव्या हाताचे बोट कसेबसे बाटलीच्या तोंडातून आत घातले, ओले करून काढले. मग तेच बोट तिने पोकुआकडे वर केले. पोकुआ आधी बघतच राहिली. मग ती वाकली, भिंत सोडून, दुखऱ्या पायावर भार देऊन, आणि तान्ह्या मुलासारखी तिने जीभ बाहेर काढली.

"पाणी," मोठी आई म्हणाली, आणि बोट तिच्या जिभेवर ठेवले.

"पाणी कुठलं?" पोकुआ एकदम फणकारली. "दारू आहे ही! डोकं फिरलं का तुझं सेरवा, दारूला पाणी..." आणि ती तिथेच थांबली. तोंड उघडेच राहिले. मोठ्या आईने बोट खाली घेतले नव्हते. ती तिच्याकडे बघत होती आणि तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होते. उजवा डोळा कोरडा होता, त्याला रडता येत नव्हते.

"पन्नास वर्षांत तू मला कधी दारूला पाणी म्हटलं नाहीस," पोकुआ हळू म्हणाली. "ती गाडीवरची म्हणते. ती तू नव्हेस." मग ती खाली बसली, मातीतच, आणि तिने पायावरचे कापड काढले. "कोनादू, टॅक्सी बघ. आणि ओरडू नकोस माझ्यावर, आधीच सांगते. तिथं गेल्यावर ओरड."

टॅक्सी आली, त्या दोघी गेल्या. पाय राहील का, हे कुणालाच माहीत नव्हते. टॅक्सीवाल्याने कापडाखाली पाहिले आणि काही न बोलता खिडक्या उघडल्या. ओदुरोने सोबत यायचे म्हटले तर पोकुआ म्हणाली, "तू बस तिच्यापाशी. तुझं काम इथं आहे." तिने ते रागाने म्हटले की कसे, त्याला कळले नाही. उन्हे उतरली होती. लांब कुठेतरी, बांतामाच्या वळणापाशी, ती गाडी पुन्हा वाजू लागली होती. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त लय येत होती, आणि मधेमधे तो चुकीचा श्वास. मोठ्या आईने मान तिकडे वळवली. ह्या गल्लीतले एक काम झाले असेल, पण तामालेतल्या, टाकोरादीतल्या बायकांच्या समोर कुठली सेरवा बसलेली होती?

त्याने लॅपटॉप तिच्या पायांशी, आंब्याखाली, स्टुलावर ठेवला आणि उघडला. 'चाचणी'. आज पहिल्यांदा तो त्या शब्दाकडे पाहून पळाला नाही. वीज जाऊन आली तो दिवस त्याला पक्का माहीत होता, त्याने फक्त कधी बोटांवर मोजून पाहिले नव्हते; त्या दिवसांत त्यांच्या भागात बुधवारीच वीज जायची. बुधवार. म्हणजे बुधवारची मुलगी, अकुआ. इतकी वर्षे तिला वार होता. त्याने 'चाचणी' पुसून तिथे अकुआ लिहिले. मग काय लिहावे ते सुचेना, म्हणून त्याने मनात आले ते लिहिले आणि कळ दाबली.

"तू कोण?" अकुआने त्याला विचारले.

तिने दुसरे काय करायचे होते? जे लिहाल ते ती म्हणते. पण प्रश्न त्याच्या तोंडावर येऊन पडला, मोठ्या आईच्या आवाजात, आणि मोठी आई खुर्चीतून त्याच्याकडे बघत होती. दोघी उत्तराची वाट बघत होत्या असे त्याला वाटले. "बाप," तो म्हणाला. चौकातल्या बायका रेड्यासारखा म्हणाल्या होत्या तोच आवाज.

त्याने रांजणातून कप भरून आणला. ह्या वेळी मोठ्या आईने तो सारला नाही. तिने तो मांडीवर धरला. त्याने बोट पाण्यात बुडवले, पडद्याकडे नेले आणि तिथेच थबकला. ठेवायचे कुठे? दोन कर्णे होते, चार कर्णे होते, साऱ्या देशभर कर्णे होते, आणि त्यांतल्या एकालाही जीभ नव्हती. थेंब बोटाच्या टोकाशी जमू लागला. तेव्हा मोठ्या आईने डाव्या हाताने त्याचे मनगट पकडले, लुळ्या बाईत कुठून आला कुणास ठाऊक एवढ्या जोराने पकडले, हात वळवला आणि ते ओले बोट त्याच्याच तोंडात घातले.

"पाणी," ती म्हणाली.

पाणीच होते.